शांतवनभाऊंची भीती

शांतवनभाऊंना भीती वाटायची, आणि ते ती कुणापासून लपवायचे नाहीत. मी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी मला औषधं आणायला त्यांच्याबरोबर तालुक्याच्या गावी, अकोल्याला पाठवलं. गाडी सुरू करायच्या आधी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शिस्टर, एक सांगून ठिवतो. मी भित्रा मानूस हाय. मधीच गाडी थांबवली तर का म्हनून इचारू नका."

मला वाटलं, नव्या माणसाची थट्टा चाललीय. पण थोडं अंतर गेल्यावर गाडी खरंच थांबली. भाऊ उतरले, रस्त्यावर उकिडवे बसले आणि एकेका चाकाच्या आत हात घालून ब्रेकच्या ड्रमला उलटा हात लावत गाडीभोवती फिरले. परत येऊन बसले, हात पंच्याला पुसले आणि म्हणाले, "तुमी लेकराच्या कपाळाला हात लावता ना, तसंच हाय हे. ताप आलाय का बघायचा." त्या दिवशी ताप नव्हता. पण अकोल्यापर्यंत त्यांनी तो आणखी दोनदा पाहिला.

आमचा दवाखाना अकोले तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी होता. शांतवनभाऊ मूळचे राहुरीकडचे. उंच, हडकुळे, पुढं वाकलेली लांब मान, खाकी शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. घाट लागला की ते खिशातली लवंग काढून दाढेखाली धरायचे. गाडी काढण्यापूर्वी 'आमच्या आकाशातील पित्या' ही प्रार्थना म्हणायचे, पण एक डोळा उघडा ठेवून गाडीखालच्या जमिनीकडे बघत. मी एकदा हसले तर म्हणाले, "दोनी डोळे मिटले तर ऑइल गळतंय का ते कोन बघनार? देवाला बी कळतंय, हा मानूस ड्रायव्हर हाय."

ही भीती कुठून आली, याच्या गोष्टी दवाखान्यात पुष्कळ होत्या. कुणी म्हणे, ते लष्करी गाड्यांवर होते आणि तिथं काहीतरी झालं. कुणी म्हणे, त्यांचा भाऊ ट्रकखाली गेला. मी एकदा धीर करून विचारलंच. त्यांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "कारन कशाला लागतं, शिस्टर? तुमी आमचा घाट बघितला न्हाई का?"

गाडीही तशीच होती. मुळात ती पुण्याच्या कुणा वकिलाची जुनी विलायती मोटार. ती दवाखान्याला दान मिळाली तेव्हा सुतारानं तिचा मागचा भाग कापून लाकडी खोकं बसवलं, वर पत्रा ठोकला, आत स्ट्रेचर आणि एक बाक. सपाटीवर ती बरी चालायची. पण दुष्काळ पडला आणि डोंगरातल्या वाड्यांकडे रस्ता निघाला. आधी तिथं पायवाटच होती. दुष्काळी कामावरच्या बायाबाप्यांनी टिकाव-घमेल्यानं डोंगर फोडून तो काढला. रोलर फिरला नव्हता, कठडा नव्हता, दगड डोकी वर काढून बसले होते आणि आमच्या गाडीचं पोट त्यांच्यावर आपटायचं.

दवाखान्याच्या कमिटीवर नगरचे एक साहेब होते. मनानं चांगले, फार उत्साही. त्यांनी नगरला लष्करी भंगारातून मोठी चाकं मिळवली, तिथल्याच एका गॅरेजमध्ये ती आमच्या गाडीला बसवून घेतली आणि पेढे घेऊन आले. गाडी उंटासारखी उंच झाली होती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शांतवनभाऊ तेवढे टाळी न वाजवता खाली वाकून चाकाकडे बघत राहिले.

"सायेब," ते म्हणाले, "हे चाक आत लई सरकलंय."

दुसऱ्याच दिवशी ते खरं ठरलं. स्टेअरिंग पुरतं वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासायचा. मडगार्ड कापलं, तर तो आतल्या रबरी नळीला लागायला लागला. ब्रेकचं ऑइल चाकापर्यंत नेणारी ती नळी. ती फाटली तर पायाखालचा ब्रेक नुसता पोकळ. शिवाय मोठं जड चाक थांबवायला जुना लहान ब्रेक पुरेना. म्हणून गॅरेजवाल्यांनी ब्रेक इतके आवळले होते, की पाय काढला तरी ते ड्रमला चिकटून राहायचे आणि ड्रम तव्यासारखा तापायचा.

भाऊ गाडी जॅकवर चढवून चाक हातानं फिरवायचे, कान लावून ऐकायचे, थोडं ढिलं करायचे, पुन्हा फिरवायचे. "चाकानं कुजबुजायला पायजे, बोंबलायला न्हाई," असं म्हणत त्यांची दुपार जायची. चाकामागं लोखंडी चकती घालून ते बाहेर सरकवावं, असं साहेबांनी सुचवलं. भाऊंनी चकती घालून दाखवली. चाक बाहेर आलं, पण नट जेमतेम टोकाला धरला. "हे नटानं धरलेलं न्हाई, नुसतं टेकलंय," म्हणून त्यांनी चकती काढून ठेवली.

त्याच सुमारास साहेब एकदा डोंगरातल्या वाडीवरचं आमचं उपचारकेंद्र पाहायला आले. परतताना घाटाच्या माथ्यावर भाऊंनी गाडी उभी केली.

"उतरा, सायेब."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. मला भ्या वाटतंय. तुमी चालत या खाली."

साहेब मोठ्यानं हसले. "अहो, ड्रायव्हरलाच भीती वाटल्यावर कसं व्हायचं?"

"ज्याला वाटत न्हाई असा गावला तर आना. तवर चालत या."

साहेबांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. बाई आधीच उतरल्या होत्या, कारण त्यांना सवय होती. आम्ही तिघं उन्हात घाट उतरलो. आमच्या पुढं रिकामी गाडी गोगलगायीसारखी चालली होती, आणि एकेका वळणावर भाऊंची लांब मान खिडकीतून बाहेर येऊन खालच्या दरीत डोकावत होती. साहेब नंतर कमिटीत ही गोष्ट रंगवून सांगत. भाऊंना त्याचं काही नव्हतं. "हसू द्या. हसायला जित्ते हायेत ना?"

इथवर मीही हसतच होते. पुढचं मात्र तसं नाही.

एका सकाळी डोंगरातल्या वाडीवरून एक बाप धावत आला. त्याच्या चार-पाच वर्षांच्या मुलाचा घसा सुजून श्वास कोंडत होता. डॉक्टरबाईंनी लक्षणं ऐकली आणि तशाच अंगणात आल्या. गाडी जॅकवर होती. पुढचं एक चाक निघालेलं, ब्रेक उघडा, त्याचे तुकडे फडक्यावर मांडलेले.

"शांतवनराव, चाक चढवा. निघायचंय."

"बाई, ब्रेक उघडा हाय. सांजपातूर लागंल."

"संध्याकाळपर्यंत ते मूल राहणार नाही. दुसऱ्या चाकांना ब्रेक आहे ना? हळू चालवा."

भाऊंनी रस्त्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. बाप धापा टाकत होता.

"न्हाई, बाई," भाऊ म्हणाले. "खाली येताना गाडी ऱ्हानार न्हाई. त्यात लेकरू आसंल, तुमी आसाल. न्हाई जमायचं मला."

बाई पिशवी उचलून बापाबरोबर पायीच निघाल्या. माणसं मुलाला डोलीत घालून उलट बाजूनं येत होती. ती आणि बाई घाटाच्या मध्यावर भेटली, तेव्हा मूल गेलेलं होतं.

बाई दुपारी परत आल्या. भाऊ चाक चढवून तयार उभे होते. बाईंनी हात धुतले आणि शांतपणे म्हणाल्या, "शांतवनराव, आज तुमची भीती त्या मुलाला भोवली." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी गेली असती तर मूल वाचलं असतं का? मला आजही माहीत नाही. कदाचित गाडी खाली दरीत गेली असती आणि मूल तरीही वाचलं नसतं. पण 'कदाचित' हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नाही, भाऊंनीही नाही. ते जेवले नाहीत. डोक्याला पंचा गुंडाळला आणि एकटेच वाडीकडे चालत गेले. माती द्यायला.

दुसऱ्या दिवशी बँडेज गुंडाळताना मी भाऊंना विचारलं, "काय म्हणाले ते लोक?"

"काय म्हननार? बसायला घोंगडी टाकली. लेकराच्या बापानं पानी दिलं." त्यांनी बँडेजचं टोक माझ्याकडे सरकवलं. "आवो, दुष्काळाचं पानी ते. किती लांबून डोक्यावर आनत्यात. शिव्या दिल्या आसत्या तर सोसल्या आसत्या. पानी प्यायलो, आन् आता ते उतरत न्हाई."

त्या दिवसापासून भाऊंची भीती बदलली. आधी ती एका बाजूची होती, आता दोन्ही बाजूंची झाली. "गेलो तरी भ्या, न गेलो तरी भ्या," असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. त्यांच्या बायको मार्थाबाई मला सांगायच्या, झोपेत हा माणूस उजवा पाय भिंतीला दाबून धरतो आणि घामानं भिजतो.

त्यांनी ब्रेक पुन्हा बसवले. नळी वाचवायला एक युक्ती काढली. अकोल्याच्या वेल्डरकडून पुढच्या आसाला लोखंडी खुंटी बसवून घेतली, म्हणजे चाक एका मर्यादेपलीकडे वळणारच नाही आणि टायर नळीला लागणार नाही. नळी वाचली, पण गाडीचं वळणं कमी झालं. घाटातल्या प्रत्येक अवघड वळणावर आता ती एका दमात वळेना. अर्धं वळायचं, थांबायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं जायचं. आणि मागं यायचं म्हणजे दरीच्या दिशेनं. "हे तात्पुरतं हाय," भाऊ म्हणाले. "योग्य मापाच्या रिंगा नगरला मिळत्यात का बघतो. तवर घाट नको."

घाट थांबायला तयार नव्हता. उन्हाळ्यात त्याच डोंगरातून निरोप आला. एक बाई कालपासून अडली होती, मूल आडवं होतं. डॉक्टरबाई अंगणात आल्या. भाऊ उभे राहिले. दोघांनाही ती सकाळ आठवली असणार, कारण दोघंही एकमेकांकडे बघेनात.

"शांतवनराव," बाई म्हणाल्या, "मी आज सांगणार नाही. तुम्ही ठरवा. ऑपरेशनची तयारी करायला मला इथंच थांबावं लागेल."

भाऊंनी खिशातून लवंग काढली. ती दाढेखाली ठेवली. "शिस्टर, लाकडाचा ठोकळा घ्या," एवढंच म्हणाले.

चढताना फारसं काही झालं नाही. वाडीवर ती बाई ओट्यावर निपचित पडली होती. ओठ सुकलेले, नाडी पळत होती. तिला आत ठेवलं, तिची सासू उशाशी बसली आणि आम्ही उतरायला लागलो.

प्रत्येक वळणावर मी खाली उतरून मागच्या चाकाशी ठोकळा घेऊन उभी राहायची. गाडी माझ्याकडे, म्हणजे दरीकडे, मागं यायची. मी ओरडायची, "बास!" भाऊ थांबायचे, मी ठोकळा सरकवायची. माझ्या टाचांखाली सैल माती होती. आतून त्या बाईच्या कण्हण्याचा आवाज यायचा आणि भाऊ खिडकीतून विचारायचे, "शिस्टर, किती हाय मागं?" मी खरं सांगायची. एकदाही 'भरपूर आहे' म्हणता आलं नाही.

शेवटून दुसऱ्या वळणावर मी "बास" म्हणाले आणि त्याच क्षणी मागच्या चाकाखालची कड ढासळली. गाडी मागं कलली. सासू आत किंचाळली. भाऊंनी सगळा जोर लावून स्टेअरिंग फिरवलं आणि एंजिन ओरडवत गाडी पुढं घेतली. चाकानं धरलं, गाडी वर आली. पण पुढून काहीतरी काडकन वाजल्याचं मला ऐकू आलं. ती खुंटी वाकली होती. तिच्या पलीकडे चाक वळलं होतं आणि टायरनं नळी ओढून फाडली होती. हे नंतर कळलं. मी धावत जाऊन आत चढले, गाडी उताराला लागली आणि भाऊंचा पाय थेट तळाला गेला.

"शिस्टर," ते म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता. "ब्रेक गेला. बाईला धरून ठिवा."

गाडी पहिल्या गिअरमध्ये होती, म्हणून फार वेगात नव्हती. पण उतार संपत नव्हता आणि खाली शेवटचं वळण दिसत होतं. त्या वळणावर ही गाडी एका दमात वळत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. भाऊंनी हँडब्रेक ओढला. जळका वास आला, फरक पडला नाही. मी स्ट्रेचरवर आडवी पडून त्या बाईला कवटाळलं. डोळे मिटायचे होते, मिटले नाहीत. भाऊंची मान मला मागून दिसत होती. ती एकदाही दरीकडे वळली नाही. एंजिनाच्या आवाजातून 'आमच्या आकाशातील पित्या' ऐकू येत होतं, पण पहिल्या ओळीच्या पुढं ते जात नव्हतं.

डोंगराच्या बाजूला दुष्काळी कामावरच्या बायांनी फोडलेल्या खडीचे ढीग ओळीनं लावलेले होते. भाऊंनी गाडी डोंगराकडे घातली. लाकडी खोकं खडकाला घासलं, फळ्या फुटल्या, पत्रा फाटला. पहिला ढीग उधळला. दुसऱ्यावर गाडी अर्धी चढली, तिरकी झाली आणि बंद पडली.

खडी फोडणाऱ्या बाया हातोड्या टाकून धावत आल्या. पुरुष आले. कुणाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्ट्रेचर तसंच उचललं आणि ती बाई त्यांच्या खांद्यांवरून घाट उतरली. मी बरोबर निघताना भाऊंकडे वळून पाहिलं. ते स्टेअरिंगवरचे हात सोडवू शकत नव्हते. एका म्हाताऱ्यानं त्यांची बोटं एकेक करून उकलली. मग ते उतरले आणि चाकाला टेकून खडीतच बसले. त्यांची खाकी पँट ओली झाली होती.

"पानी झालं माझं, शिस्टर," ते म्हणाले. "कुनाला सांगू नका असं म्हनत न्हाई. जावा, बाईसंगं जावा."

डॉक्टरबाईंनी लगेच ऑपरेशन केलं. आई वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. संध्याकाळी भाऊ पायी दवाखान्यात पोचले, तेव्हा बाई हातमोजे काढत बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "शांतवनराव, मी त्या दिवशी जे बोलले..."

"ते खरंच बोलला हुता, बाई," भाऊ मधेच म्हणाले. "आन् आज बी मी घाबरलोच हुतो. ती चाकं बदला आता."

चाकं बदलली. भाऊ स्वतः नगरला गेले. पुठ्ठ्यावर ब्रेकच्या ड्रमचा आणि नळीचा आकार कापून नेला आणि भंगारवाल्यांच्या दुकानातून तो एकेका रिंगेत घालून पाहत हिंडले. ज्या रिंगेत पुठ्ठा कुठंही न घासता फिरला, ती घेऊन आले. त्या लहान होत्या. गाडी पुन्हा बसकी झाली आणि तिचं पोट दगडांवर आपटायला लागलं. "आपटू द्या," ते म्हणाले. "दगड पोटाला लागतो, जिवाला न्हाई." वाकलेली खुंटी काढून टाकली, नवी नळी टाकली, ब्रेक मोकळे करून पुन्हा मापानं लावले. चाक फिरवून मला ऐकायला लावलं. खरंच ते कुजबुजत होतं. त्यानंतर त्या गाडीनं घाटात कधी दगा दिला नाही. तरीही भाऊ माथ्यावर माणसं उतरवतच राहिले आणि आता कुणी हसत नसे.

पुढं दवाखान्याला नवी जीप आली. तिच्याबरोबर एक तरुण ड्रायव्हर आला. भाऊ काही दिवस त्याच्या शेजारी बसून घाट चढले-उतरले आणि मग डॉक्टरबाईंना म्हणाले, "मला आता सोडा." मार्थाबाईंना घेऊन ते गावी निघून गेले. निरोप समारंभाला थांबलेच नाहीत.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. माझी बदली झाली होती आणि मी बसनं नगरला चालले होते. कोल्हारच्या पुढं कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली आणि आमची बस तिच्या बाजूनं हळूहळू पुढं सरकत होती. एका गाडीवर, उसाच्या उंच भाऱ्यावर, भाऊ मांडी घालून बसले होते. दाढी वाढलेली, डोक्याला मुंडासं, हातात उसाचं कांडं. मी खिडकीतून हात बाहेर काढून हाका मारल्या. त्यांनी मला ओळखलं. तोंडभर हसले, असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग बस पुढं जाऊ लागली, तसे ते एकदम उठून गुडघ्यांवर बसले, आमच्या बसच्या मागच्या बाजूला बोट करून काहीतरी ओरडले. एंजिनाच्या आवाजात मला एक शब्दही ऐकू आला नाही. बघता बघता बैलगाडी धुळीत मागं राहिली.

मी कंडक्टरला म्हटलं, मागच्या चाकाकडे जरा बघता का? तो म्हणाला, "ताई, बस आत्ताच डेपोतून निघालीय." बाकीचे हसले.

भाऊ कदाचित मला निरोपच देत असतील. राहुरीचा स्टँड आला तशी मी ट्रंक घेऊन उतरले. ती बस डोळ्यांआड होईपर्यंत तिच्या चाकांकडे पाहत राहिले, आणि मागून आलेल्या बसनं नगरला गेले.